कोरड्या बाजूने

मुंबई जे पाणी पिते त्यातलं बरंचसं शहापूर तालुक्यातल्या खर्डीच्या आजूबाजूच्या डोंगरांत अडवलेलं आहे. एकीकडे तानसा, १८९२ सालचं. खर्डीहून वैतरणेकडे जाणाऱ्या रस्त्याने मोडकसागर, १९५७ सालचं. महामार्गाच्या पलीकडे भातसा, ८८ मीटर उंचीचं. या तलावांत किती टक्के पाणी जमलं ते पावसाळ्यात रोज पेपरात छापून येतं. त्यांच्यावर पहारा असतो, भिंतीवर जायला परवानगी लागते, पाणी सोडायच्या आधी काठच्या गावांना इशारा जातो.

याच शहापूर तालुक्यात आणि शेजारच्या मुरबाडमध्ये आणखीही पाणी अडवलेलं आहे, ज्याचे टक्के कोणी विचारत नाही. काही लघुपाटबंधाऱ्याची जुनी कामं आहेत, काही पाझर तलाव आहेत, आणि काही खाजगी जमिनीतल्या ओढ्यावर पोकलेन लावून घातलेल्या मातीच्या पाळी आहेत. गेल्या वीसेक वर्षांत खर्डी, आटगाव, डोळखांब आणि पुढे मुरबाडच्या पट्ट्यात फार्महाऊसं आणि रिसॉर्टं उभी राहिली. ५ जून २०२५ रोजी समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाला आणि शहापूर शहरांच्या आणखी जवळ आलं. प्लॉट विकणाऱ्याला खिडकीतून पाणी दिसायला हवं असतं. सात-आठ मीटर उंचीची पाळ, मागे चार-पाच एकर पाणी, त्यात पॅडल बोटी, आणि पाळीच्या माथ्यावर चालायला पेव्हर ब्लॉकचा रस्ता. संध्याकाळी माणसं या रस्त्यावर फिरतात ती सगळी पाण्याकडे तोंड करून.

मला लिहायचं आहे ते पाळीच्या दुसऱ्या बाजूबद्दल. मातीच्या धरणाचं दुखणं बहुतेक वेळा पाण्याच्या बाजूला दिसत नाही. ते दिसतं मागच्या उतारावर आणि त्या उताराच्या पायथ्याशी, जिथे गवत माजलेलं असतं, घाणेरीची जाळी असते, आणि फिरायला कोणी जात नाही. सरकारी धरणावर निदान कागदोपत्री तरी तिथून चालणारा माणूस नेमलेला असतो. मौजेसाठी बांधलेल्या, किंवा बांधला दुसऱ्या कामासाठी आणि आता मौजेला लागला अशा तलावावर तो माणूस कोण, हा प्रश्न आपल्याकडे कोणी विचारलेलाच नाही.

२ जुलै २०१९ च्या रात्री साडेनऊच्या सुमाराला चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण फुटलं. मातीचं धरण, साठवण अडीच दशलक्ष घनमीटरच्या आत. मोठ्या धरणांच्या हिशेबात हे काहीच नव्हे. भातसा याच्या जवळपास चारशेपट पाणी धरतं. पण भेंदवाडीची वस्ती धरणाच्या अगदी खाली होती. जेवणं आटोपून लोक घरात होते. तेरा घरं गेली आणि तेवीस माणसं वाहून गेली. धरणाला वीस वर्षंही झाली नव्हती. गळतीबद्दल गावकऱ्यांनी आधीच तक्रारी केल्या होत्या, डागडुजी झाल्याचं सांगितलं गेलं होतं, आणि तरीही त्या रात्री खालच्या वाडीला कोणी उठवलं नाही.

तेव्हाचे जलसंधारण मंत्री तानाजी सावंत यांनी खेकड्यांनी भराव पोखरल्याचं म्हटलं. त्यावर महाराष्ट्रभर संताप उसळला, आणि तो रास्तच होता, कारण माणसं मेली होती आणि दोष खेकड्यांवर जात होता. पण त्या संतापात एक गोष्ट हातची निसटली. कोकणात आणि आपल्या सह्याद्रीच्या पायथ्याला खेकडे बांध पोखरतात हे खरं आहे. भाताच्या खाचराचा बांध खेकड्याने फोडला की शेतकरी त्याच दिवशी चिखल लावून बुजवतो. घुशी पोखरतात, वाळवी पोखरते, वठलेल्या झाडाचं मूळ कुजून आत पोकळ नळी राहते. म्हणून तर मातीच्या धरणावर झाड वाढू द्यायचं नसतं, बिळं दर वर्षी खणून भरायची असतात, आणि भरावाच्या आत वाळूचा गाळणी थर घालायचा असतो, म्हणजे पाणी आलं तरी त्याच्याबरोबर माती येत नाही. बीळ हा धरणाच्या आयुष्याचा रोजचा भाग आहे. ते वर्षानुवर्षं कोणी पाहिलं नाही, हा गुन्हा.

मातीचं धरण बाहेरून ढिगाऱ्यासारखं दिसत असलं तरी आत त्याला रचना असते. मधोमध चिकण काळ्या मातीचा गाभा, जो पाणी अडवतो. दोन्ही बाजूंनी मुरमाचं कवच, जे गाभ्याला उभं धरतं. गाभ्याच्या खाली पायाचा चर, पक्क्या खडकापर्यंत खणून त्याच मातीने भरलेला, म्हणजे पाणी तळातून निसटत नाही. मागच्या बाजूला वाळूची गाळणी आणि पायथ्याशी दगडी टाच, म्हणजे जे पाणी झिरपेल ते स्वच्छ होऊन बाहेर पडावं. पाण्याच्या बाजूला लाटांपासून बचावाला दगडांचं पिचिंग. भराव वीस-पंचवीस सेंटिमीटरच्या थरांत घालायचा, प्रत्येक थर बेताचा ओला करायचा, रोलरने दाबायचा, मग पुढचा थर. माती फार कोरडी असली तरी दबत नाही आणि फार ओली असली तरी नाही.

पोकलेनने महिनाभरात उभी केलेली पाळ यातलं काय पाळते? शेजारच्या टेकडीचा मुरूम ओरबाडून ओढ्यात लोटला जातो. मशीन वरून पुढे-मागे फिरतं तेवढीच दाबणी. पायाचा चर कोणी खणत नाही, कारण तो पाण्याखाली जातो आणि गिऱ्हाइकाला दिसत नाही. आणि बागेला पाणी न्यायला एक पीव्हीसी पाइप पाळीतून आरपार टाकलेला असतो.

या पाइपाकडे जरा थांबून पाहायला हवं. भरावातून जाणारी कुठलीही नळी ही मातीच्या धरणातली सगळ्यांत नाजूक जागा असते. नळीच्या गोल पोटाखाली माती नीट ठासता येत नाही. भराव बसतो, नळी बसत नाही, आणि दोघांच्या मध्ये केसाएवढी फट राहते. दाबाखालचं पाणी त्या फटीतून वाट काढतं आणि दर वेळी मातीचे दोन कण घेऊन जातं. फट रुंदावते, पाणी वाढतं, वाढलेलं पाणी जास्त कण नेतं. ही झीज पाण्याच्या बाहेर पडण्याच्या जागेपासून सुरू होते आणि उलटी, तलावाच्या दिशेने आत आत सरकते. ती तलावापर्यंत पोचली की मग तासांचाच हिशेब. अमेरिकेत आयडाहोतलं टीटन धरण ५ जून १९७६ रोजी असंच गेलं. सकाळी गढूळ पाणी दिसलं आणि दुपारी बाराला तीन मिनिटं असताना त्र्याण्णव मीटर उंचीचा भराव फुटला. नवीन धरण होतं, पहिल्यांदाच भरत होतं, जागेवर अभियंते हजर होते.

महाराष्ट्राला हा धडा पानशेतने दिला आहे. १९६१ च्या जुलैमध्ये काम अपुरं असताना धरण भरलं, पाणी सोडायच्या विमोचकाच्या नळावरचा भराव खचत गेला, जवानांनी रात्रभर वाळूची पोती रचली आणि १२ जुलैला सकाळी धरण गेलं. त्याच्या पाण्याने खाली खडकवासलाही गेलं आणि पुण्याची नदीकाठची वस्ती वाहून गेली. पुण्याची आठवण अजून पुराची आहे, पूररेषेची आहे, नव्याने वसलेल्या सोसायट्यांची आहे. भरावातल्या नळाची आठवण अभियंत्यांपुरती राहिली.

मौजेच्या तलावाची गोष्ट मात्र जॉन्सटाउनशिवाय पुरी होत नाही. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियात साउथ फोर्क नावाचं मातीचं धरण १८५३ मध्ये कालव्याला पाणी पुरवायला बांधलं गेलं. बावीस मीटर उंच, सुमारे दोनशे चौऱ्याऐंशी मीटर लांब. रेल्वे आली, कालवा मोडीत निघाला, धरण बेवारस झालं. मधल्या एका मालकाने तळातले पाणी सोडायचे लोखंडी नळ काढून भंगारात विकले. १८७९ मध्ये पिट्सबर्गच्या श्रीमंतांच्या मासेमारी आणि शिकार क्लबसाठी ते विकत घेतलं गेलं. अँड्रू कार्नेगी आणि हेन्री फ्रिक या क्लबचे सभासद होते. क्लबने भरावाला पडलेलं खिंडार बुजवलं, पण नळ पुन्हा बसवले नाहीत, त्यामुळे तलाव खाली करायचा मार्गच उरला नाही. घोडागाड्या जायला रस्ता रुंद हवा म्हणून माथा कापून खाली आणला. तलावात महागडे मासे सोडले होते, ते सांडव्यावाटे निसटू नयेत म्हणून सांडव्यात जाळ्या बसवल्या. खालच्या गावातल्या लोखंडाच्या कारखान्याने १८८० मध्ये आपला माणूस पाठवून पाहणी केली. त्याने नळ नसल्याचं आणि दुरुस्ती कच्ची असल्याचं लेखी कळवलं. क्लबने ते झटकून टाकलं.

३१ मे १८८९ रोजी मोठा पाऊस झाला. जाळ्यांत ओंडके आणि कचरा अडकला, सांडवा तुंबला, पाणी कापलेल्या माथ्यावरून, मधोमध खचलेल्या जागेवरून वाहू लागलं. मातीच्या धरणावरून पाणी वाहिलं की ते मागचा उतार कापत नेतं. साधारण तासाभरात पाणी तेवीस किलोमीटर खालच्या जॉन्सटाउनला पोचलं. २,२०९ माणसं मेली. क्लबच्या एकाही सभासदाला न्यायालयाने जबाबदार धरलं नाही.

मी हे इतकं सविस्तर लिहितो आहे कारण त्यातली एकेक गोष्ट आज आपल्या डोंगरांत होऊ शकते. माथा सपाट करून गाडीरस्ता करणं. सांडव्यात जाळी लावणं, कारण रोहू-कटला सोडलेले असतात. सांडव्याच्या तोंडावर वाळूची पोती किंवा विटांची दोन फूट भिंत घालून पाणी उंच धरणं, म्हणजे मे महिन्यातही बोट चालावी. सांडव्याच्या वाहत्या चरातच बांबूची झोपडी उभी करणं, कारण पावसाळा सोडून तो चर कोरडा असतो आणि सपाट जागा वाया जाते असं वाटतं. शेतीचं धरण रब्बीला रिकामं होत जातं, जूनमध्ये त्यात जागा असते, पहिला मोठा पाऊस ते पोटात घेतं. मौजेच्या तलावाला सदा काठोकाठ भरलेलं राहायचं असतं. म्हणून पहिल्या जोराच्या पावसाचं सगळं पाणी थेट सांडव्यावर येतं.

आणि इथला पाऊस साधा नाही. शहापूरला वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो आणि त्यातला मोठा वाटा मोजक्या दिवसांत कोसळतो. एक साधा हिशेब करू. तलावाच्या वर एक चौरस किलोमीटरचं पाणलोट क्षेत्र आहे, म्हणजे एखाद्या डोंगराची एक कूस. जुलैत जमीन तृप्त झालेली आहे, पडलेलं जवळजवळ सगळं वाहून येतं. तासाभरात शंभर मिलिमीटर पाऊस झाला तर एक लाख घनमीटर पाणी येतं, म्हणजे सेकंदाला अठ्ठावीस हजार लिटर. आता पाळीच्या कडेला तीन मीटर रुंदीचा सांडवा आहे आणि त्यातून अर्धा मीटर खोल धार वाहू शकते असं धरा. तो सेकंदाला दोन हजार लिटरही धड नेत नाही. उरलेलं कुठे जाणार? पाळीवरून. तेवढं पाणी न्यायला वीस मीटर रुंद आणि मीटरभर खोल धार पेलणारा, खडकात खोदलेला किंवा दगडाने बांधलेला सांडवा लागतो. तो जमीन खातो, पैसे खातो, आणि दिसायला एक रिकामा चर असतो.

शंभर मिलिमीटर तासाला हा आकडा कोणाला अतिरेकी वाटला तर २६ जुलै २००५ आठवावी. त्या दिवशी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पडला.

पाझर तलावांचं आणखी वेगळं आहे, आणि ते ठाऊक नसल्यामुळे चांगल्या हेतूनेही घोटाळा होतो. १९७२ च्या दुष्काळानंतर रोजगार हमीवर महाराष्ट्रभर पाझर तलाव झाले. त्यांचं कामच पाणी जमिनीत मुरवण्याचं, खालच्या विहिरींना देण्याचं. म्हणून त्यांना बहुतेक ठिकाणी पाणी सोडायचा नळ किंवा विमोचक नसतो. असा तलाव एखाद्या प्रकल्पाच्या कुंपणाला लागून आला की मालकाला तो मार्चमध्ये आटलेला बघवत नाही. पाझर ही त्याची गरज होती, ती आता तक्रार होते. मग आतल्या बाजूने माती थापली जाते, कधी प्लास्टिकचा कागद अंथरला जातो, पाणी टिकतं. पण पाळ तीच, पन्नास वर्षांची, आणि संकटात पाणी खाली उतरवायला तिच्यात काहीच सोय नाही.

या भागाला भूकंपही अनोळखी नाहीत. भातसा जलाशय भरत असताना १९८३-८४ मध्ये इथे धक्क्यांची मालिका झाली. १५ सप्टेंबर १९८३ चा धक्का ४.८ तीव्रतेचा होता. अशा धक्क्याने नीट दाबलेली पाळ बहुधा कोसळत नाही, पण ढिल्या भरावाला भेग पडू शकते. पाळीच्या लांबीने जाणारी भेग आणि पाळीला आडवी, पाण्याकडून कोरड्या बाजूकडे जाणारी भेग, यांत दुसरी जास्त भीतीची, कारण ती पाण्याला थेट वाट देते. पेव्हर ब्लॉक घातलेल्या माथ्यावर दोन्ही दिसत नाहीत.

कायदा काय म्हणतो? धरण सुरक्षितता कायदा २०२१ हा ३० डिसेंबर २०२१ पासून देशात लागू आहे, आणि तो चांगला कायदा आहे. पावसाळ्यापूर्वी आणि नंतर तपासणी, मालकाची जबाबदारी, पाच वर्षांच्या आत आपत्कालीन कृती आराखडा, हे सगळं त्यात आहे. महाराष्ट्रात तर नाशिकला धरण सुरक्षितता संघटना १९८० पासून काम करते. पण कायदा लागू होतो तो पंधरा मीटरपेक्षा उंच धरणांना. दहा ते पंधरा मीटरमधलं धरण असेल तर आणखी काही अट पुरी व्हावी लागते: लांबी पाचशे मीटर, साठा दहा लाख घनमीटर, मोठा पूर-विसर्ग, अवघड पाया किंवा वेगळ्या धाटणीचा आराखडा यांपैकी एखादी. दहा मीटरच्या खाली काहीच नाही. देशात सर्वांत जास्त मोठी धरणं महाराष्ट्रात, दोन हजारांहून अधिक. तेवढी सांभाळतानाच यंत्रणेची दमछाक होते हे मान्य. तरी धोका उंचीवर मोजणं मला चुकीचं वाटतं. धोका खाली कोण झोपलं आहे त्यावर मोजला पाहिजे.

याला पुरावा आहे. अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात टोकोआ इथे एका बायबल कॉलेजच्या वरच्या अंगाला केली बार्न्स नावाचं मातीचं धरण होतं. आधी विजेसाठी, पुढे वीजनिर्मिती बंद झाल्यावर नुसतं तळं म्हणून राखलेलं. उंची साडेअकरा मीटरच्या आसपास, लांबी सव्वाशे मीटरच्या आत, पाणी आठ लाख घनमीटरहून कमी. ६ नोव्हेंबर १९७७ ला मध्यरात्रीनंतर दीडच्या सुमाराला पावसात ते फुटलं आणि खालच्या वसतिगृहात आणि घरांत झोपलेली ३९ माणसं गेली. उंची, लांबी आणि साठा या मापांनी ते आपल्या आजच्या कायद्यात बसलं नसतं. त्यानंतर राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी खाली वस्ती असलेल्या बिगरसरकारी धरणांची तपासणी करायला लावली. पुढच्या चार वर्षांत सुमारे ८,८०० धरणं पाहिली गेली आणि त्यांतली एक तृतीयांश असुरक्षित निघाली. तोवर ती नुसती छान तळी होती.

इंग्लंडमध्ये मोजमाप पाण्याचं आहे. जमिनीच्या पातळीवर पंचवीस हजार घनमीटरहून जास्त पाणी अडवलं की तो जलाशय नोंदवावा लागतो, आणि फुटला तर माणसांचा जीव जाऊ शकतो असं ठरलं तर तो नेमलेल्या अभियंत्याच्या देखरेखीखाली ठेवावा लागतो. पाच एकरांचं, सरासरी दोन मीटर खोलीचं तळं चाळीस हजार घनमीटर भरतं. म्हणजे आपल्याकडचं बऱ्यापैकी रिसॉर्टचं तळं तिथे नोंदीत आलं असतं. त्या नोंदीचा उपयोग तिवऱ्यानंतर बरोबर महिन्याभराने, १ ऑगस्ट २०१९ ला दिसला. डर्बीशरमधल्या व्हेली ब्रिज गावावरचं टॉडब्रुक हे मातीचं धरण, ज्यात तेव्हा नौकाविहाराचा क्लब चालायचा, त्याच्या सांडव्याचं काँक्रीट पावसात उखडलं आणि खालचा भराव धुपायला लागला. पंधराशे माणसं बाहेर काढली, हेलिकॉप्टरने पोती टाकली, पंप लावून पाणी उतरवलं. धरण वाचलं, एकही माणूस गेला नाही. चौकशीत सांडव्याचा मूळ आराखडाच सदोष होता आणि देखभालही अनियमित होती असं निघालं, म्हणजे तिथेही सगळं आलबेल नव्हतं. फरक एवढाच की खालचं गाव रिकामं करायचं हे कोणाचं काम आहे ते ठरलेलं होतं.

आणि हे फक्त श्रीमंत देशाला जमतं असं नाही. ऑगस्ट २०२२ मध्ये शेजारच्या मध्य प्रदेशात धार जिल्ह्यात कारम नदीवरचं बांधकाम चालू असलेलं मातीचं धरण गळू लागलं. प्रशासनाने अठरा गावं हलवली, लष्कराला बोलावलं, बाजूने चर खोदून पाणी वाट करून दिलं. पाण्याने चर रुंद करत भराव नेला, पण जीवितहानी झाली नाही.

ठाण्यात दर पावसाळ्यात जिल्हाधिकाऱ्यांचा मनाई आदेश निघतो. बारवी, भातसा यांसारख्या धरणांच्या परिसरात, धबधब्यांवर, घाटांत पर्यटकांनी पाण्यात उतरू नये, मद्यपान करू नये. तो हवाच, ३० जून २०२४ ला लोणावळ्यात भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली, ते सगळ्यांनी मोबाइलवर पाहिलं. पण हा आदेश माणसाला पाण्यापासून दूर ठेवतो. पाणीच माणसाकडे आलं तर काय, हे त्यात नाही. पाळीच्या खाली ओढ्याकाठी कातकऱ्यांची वाडी असते, ठाकरांचा पाडा असतो. बऱ्याचदा रिसॉर्टच्या कामगारांच्या खोल्याही तिथेच असतात, कारण ती सपाट जागा आणि पाहुण्यांच्या नजरेआड. आणि जुलैतल्या शनिवारी रात्री, जेव्हा तलाव भरलेला असतो आणि पाऊस लागून राहिलेला असतो, नेमक्या तेव्हाच रिसॉर्टच्या सगळ्या खोल्या भरलेल्या असतात.

मग कोरड्या बाजूने चालणाऱ्या माणसाने बघायचं काय? शास्त्र मोठं आहे, पण डोळ्यांचं काम सोपं आहे, आणि इथल्या शेतकऱ्याला ते जन्मापासून येतं. उन्हाळ्यात मागच्या उतारावर एखादाच पट्टा हिरवागार राहिला असेल तर आत पाणी आहे. पायथ्याशी झरा असला आणि पाणी नितळ असेल, दर वर्षी तेवढंच असेल, तर घाबरायचं कारण नाही. त्याची नोंद ठेवायची. तोच झरा वाढला, किंवा पाणी गढूळ झालं, तर धरणाच्या पोटातली माती बाहेर येते आहे. बाटलीत पाणी धरून तासभर ठेवलं की तळाशी गाळ बसतो का ते दिसतं. माथ्यावर खड्डा पडला असेल तर तो वरून मुरूम टाकून बुजवू नये, आधी तो का पडला ते शोधावं. पाळ मधोमध बसली असेल तर तिथेच पहिल्यांदा पाणी वरून जाणार. सांडव्यात काहीही असता कामा नये, जाळीसुद्धा नाही. पाइप जिथे बाहेर निघतो तिथे त्याच्या भोवतीची माती ओली आहे का ते हात लावून पाहावं. मोठी झाडं आधीच वाढलेली असतील तर घाईने उपटू नयेत, कारण मुळांची पोकळी राहते. मूळ काढून तिथे नव्याने माती दाबून भरावी लागते, आणि ते काम पाणी उतरल्यावरचं आहे.

गढूळ पाणी दिसलं तर पाळीच्या पाण्याकडच्या बाजूला माणसं पाठवून पोती टाकत बसण्याआधी खालची वाडी उठवायची. जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाचा १०७७ हा क्रमांक वाडीतल्या प्रत्येक फोनमध्ये आणि रिसॉर्टच्या प्रत्येक खोलीत असला पाहिजे. तलाव उतरवायचा तर हळूहळू. पाणी एकदम उतरवलं की आतला उतार ओल्या मातीच्या वजनाने घसरतो आणि धरण दुसऱ्याच बाजूने जातं.

ग्रामपंचायतीच्या हातात कायदा नसला तरी माहिती आहे. गावच्या हद्दीत ओढ्यावर किती पाळी आहेत, कोणाच्या नावावर जमीन आहे, खाली किती घरं आहेत, ही यादी एका ग्रामसभेत होऊ शकते. बांधकामाचा ना-हरकत दाखला मागायला प्रकल्पवाला येतोच; तेव्हा सांडव्याची रुंदी आणि पाणलोटाचं क्षेत्र त्याच्याकडून अभियंत्याच्या सहीने लिहून घेता येतं. प्लॉट घेणाऱ्यानेही सातबाऱ्याबरोबर हा कागद मागावा. सोसायटी झाल्यावर ती पाळ सोसायटीच्या गळ्यात पडणार आहे, आणि लिफ्टच्या देखभालीचा ठराव करणाऱ्या सोसायटीने पाळीच्या देखभालीचा ठराव केलेला मी अजून ऐकला नाही.

काही पाळी अशाही आहेत ज्यांचा मालक आता उरलेला नाही. प्रकल्प बंद पडला, भागीदार भांडले, गेटला गंज आला, तलाव मात्र दर पावसाळ्यात भरतो. अशी पाळ दुरुस्त करण्यापेक्षा कापून टाकणं शहाणपणाचं. ते काम एप्रिलच्या आत, पाणी तळाला गेल्यावर करायचं असतं. कापलेली जागा थेट ओढ्याच्या मूळ तळापर्यंत न्यावी, वर रुंद आणि कडा उतरत्या ठेवाव्यात, म्हणजे उरलेला भराव पुन्हा कोसळून ओढा अडवणार नाही, आणि काढलेली माती ओढ्यात न लोटता बाजूच्या खाचरांवर पसरावी. एका पोकलेनचं आठवड्याभराचं काम आहे, आणि त्यासाठी लागणारी परवानगी तहसीलदाराकडे फेब्रुवारीतच मागावी लागते.